हिराजीमामाची विसावी खोली

हिराजीमामाने पुन्हा खोली सोडली, हे मला पेणच्या त्याच्या घरमालकिणीने फोन करून सांगितलं. बिचारी रडकुंडीला आली होती. "ताई, आम्ही काय पन बोललो नाय त्यांना. नवीन पोस्टमन आला, कोणाला न विचारता सरळ वर गेला आनि लाईटबिल देऊन आला. तवापासून हे ट्रंक भरतायत."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. पोस्टमनला पत्ता पाठ झाला की मामाच्या लेखी ती जागा उघडी पडलेली असते.

वाचकांसाठी थोडा खुलासा. हिराजीमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय पंचाहत्तर, लग्न नाही, घराणं पेणकडचं मिठागरवालं. मिठात पाय सोलवटून घेण्यापेक्षा पलटण बरी म्हणून विशीच्या आतच सैन्यात गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर टँकमार तोफेवर होता. ही तोफ म्हणजे जीपवर बसवलेली लांब नळी. तिचा गोळा पुढे जातो तेव्हा मागून आगीचा लोळ आणि धुरळा उडतो, आणि लांबवरच्या शत्रूलाही कळतं की मंडळी इथे बसली आहेत. त्यामुळे या तोफेचे नियम दोनच. मागे कुणी उभं राहायचं नाही, आणि गोळा मारला की जागा सोडायची. लढाई जेमतेम दोन आठवडे चालली. मामा अजून जागा सोडतोय.

पेणची खोली एकोणिसावी होती. माझ्या वहीत मामाचा पत्ता मी कायम पेन्सिलीने लिहीत आले, आणि खोडून खोडून त्या जागी कागदाला भोक पडलं. प्रत्येक वेळी त्याची ती हिरवी लोखंडी ट्रंक उचलायला मी असायचेच, अगदी शाळेत असल्यापासून. या वेळी मात्र त्याने एकट्याने ट्रंक जिन्यावरून खाली आणायचा पराक्रम केला आणि दोघं सोबतच खाली आले. ट्रंकेला काही झालं नाही. मामाचा गुडघा सुजला.

मी तीन दिवसांची रजा टाकली, गाडी घेऊन पेणला गेले आणि त्याला स्पष्ट सांगितलं, "मामा, किनाऱ्याने खाली जाऊ. तीन जागा मी फोनवर बोलून ठेवल्यात. त्यातली एक पसंत कर आणि तिथेच राहा, शेवटपर्यंत. नाहीतर कल्याणला माझ्याकडे, सातव्या मजल्यावर."

मामाने आमचं घर पाहिलेलं आहे. एक लिफ्ट, एक जिना, दोन्ही शेजारीशेजारी. त्याच्या मते तो उंदराचा पिंजरा आहे. तो मुकाट्याने गाडीत बसला.

दिवस पहिला: पेण ते नागाव

पेणहून वडखळ आणि तिथून अलिबागचा रस्ता. शनिवारी सकाळी सातच्या आत वडखळ ओलांडा, नाहीतर अख्खी मुंबई तुमच्या पुढे असते. आम्ही नाश्त्याला थांबलो. मामाने मिसळ एका टेबलावर खाल्ली, जास्तीचा पाव दुसऱ्या टेबलावर, आणि चहा प्यायला स्वतः गल्ल्यापाशी गेला. वेटर चांगला होता. म्हणाला, "काका, तुम्ही बसा ना, मी आणून देतो चहा."

"तू न्हाय यायचा!" मामा एवढ्याने ओरडला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा चमचा पडला. "मीच येतो. तू हाय तिथं रहा."

याची मला सवय होती. मामाने आयुष्यात कुणाला त्याच्यापर्यंत चहा आणू दिलेला नाही. माझी आई त्याची सख्खी बहीण, पण तिच्या घरीही तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कप घ्यायचा. रांगेतही तो नेहमी शेवटी असतो, कारण मागे कुणी आलं की त्याला तो पुढे घालतो. रेशनच्या दुकानात तर तो पोचेपर्यंत शटर खाली येतं. हे सगळं मी एकाच गाठोड्यात बांधून 'मामाचं खूळ' अशी चिठ्ठी लावून ठेवलं होतं.

नागावला पोचलो. अलिबागपासून अर्ध्या तासाच्या आत, रस्ता अरुंद पण दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यामुळे चिडचिड होत नाही. तिथल्या एका घरगुती निवासाच्या मागे वाडीतच सुटी खोली होती, महिन्याने द्यायची. मालक-मालकीण दोघंही उत्साही. मामाने खोलीचं दार उघडून आतही पाहिलं नाही. तो खोलीकडे पाठ करून उभा राहिला आणि मागे पावलं मोजत चालू लागला.

"काका काय शोधतायत?" मालकांनी मला विचारलं.

"मागची मोकळी जागा."

"मोकळी कशाला? मागे विहीर हाय ना, गोडं पानी!"

बावीस पावलांवर मामा विहिरीला अडला. "तीस पाह्यजेत," तो म्हणाला. "पयल्याच गोळ्याला तुमची विहीर जाल."

मालकांचा चेहरा पडला. "काका, तसं काय आपल्याकडे नसतं. एसी हाय, गिझर हाय."

मग मामा पुढची बाजू बघायला समुद्रावर गेला. नागावचा किनारा शनिवारी पाहण्यासारखा असतो. केळ्याच्या आकाराची रबरी नाव, तिच्यावरून पाण्यात पडून ओरडणारी कुटुंबं, घोडागाडी, भेळ, आणि वर आकाशात छत्रीला टांगलेली एक बाई किंचाळत चाललेली. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"वरून टेहळनी चालू हाय," तो म्हणाला. "ही जागा न्हाय चालायची."

तरी रात्र तिथेच काढली, कारण जेवण अप्रतिम होतं. तांदळाची भाकरी, सुरमई, कोलंबीचं कालवण, सोलकढी. खोली आणि दोन वेळचं जेवण मिळून माणशी बाराशे घेतले, आणि हट्टाने वाढतात. जेवणाआधी ओटीवर बसून मामाने मालकांना आपल्या तोफेचा इतिहास सांगितला. तो ऐकायचा म्हणजे अंगमेहनत आहे, कारण दर दोन वाक्यांनी मामा खुर्ची बदलतो. "रेल्वेच्या उघड्या वाघिनीवर जीप चढवल्या," असं त्याने दाराजवळ सांगितलं. "तोफंवर आमी तिघं. मी नेम धरनारा, एक पंजाबी गोळा भरनारा, आनि जीप चालवनारा इस्माईल, दिघीचा," हे तुळशीपाशी. "चौथा सुदाम. तो लांगरी," म्हणजे पलटणीचा आचारी, "शेतातना चालत किटली घेऊन याचा," हे झोपाळ्यावर. मालकीणबाई पंखा त्याच्यामागे फिरवून थकल्या.

"रणगाडे किती उडवले काका?"

"चार गोळे मारले. एक रनगाड्याच्या पट्ट्याला लागला. एक बाभळीला. दोन कुठं गेले, ते समोरच्यांना विचारा." झोपाळ्यावरून पायरी. "मग त्या दिशी सकालचा धुका व्हता. चौथा गोळा मारला, जागा सोडली."

"मग?"

"मग काय? लढाई संपली."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे आणि ती दर वेळी इथेच संपते. चौथा गोळा, जागा सोडली, लढाई संपली. मी कधी खोलात गेले नाही. आता त्याची लाज वाटते.

दिवस दुसरा: नागाव, मुरुड, आगरदांडा, दिघी

नागावहून चौल, रेवदंडा, मग साळावचा पूल आणि पुढे समुद्राला चिकटून मुरुडपर्यंत. हा रस्ता अख्ख्या सहलीतला सर्वांत देखणा आहे आणि अधूनमधून सर्वांत खड्ड्यांचाही. काशिदला शहाळं प्या, पण गाडी सावलीत लावायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नका. मी कुठेही गाडी लावते ती उलटी लावते, तोंड रस्त्याकडे. गाडी शिकवायला मला मामाच होता. वर इंजिनही बंद करायचं नाही असं त्याने शिकवलं होतं, ते पेट्रोलच्या भावामुळे सुटलं.

मुरुडची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र आणि समुद्रात किल्ला. मला इतकी आवडली की क्षणभर वाटलं आपणच राहावं. मामाने खिडकीतून किल्ल्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"बांदकाम चांगला हाय. पन हलवता येत न्हाय."

"तुला खोलीत राहायचंय मामा, किल्ल्यात नाही!"

"मागं भित हाय, बाय. मागं भित आसली का आपलीच आग आपल्यावर येते."

दोन जागा गेल्या. तिसरी दिवेआगरला, म्हणजे आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरायचं. बोट सकाळपासून संध्याकाळपर्यंत साधारण तासातासाने असते, गाडी आणि माणसं मिळून दोनशेच्या आसपास पडतात, आणि रस्त्याने जायचा मोठा वळसा वाचतो. जेवून मी गाडी तिकडे वळवली तर मामा अस्वस्थ झाला.

"खाडीपलीकडं नको."

"का?"

"पानी वलांडला का माघार घेता येत न्हाय."

"मग कल्याण."

 त्याने पट्टा लावला, मात्र धक्का येईपर्यंत तो तीनदा सोडून पाहिला.

आगरदांड्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग होती. तिथे पांढरी टोपी, चौकड्याची लुंगी आणि हातात वेताची काठी असलेले एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांवर ओरडत होते. "उलटी घाल! मागं घे, मागं! तोंड भायेर पायजे! उतरताना काय मग नाचनार?" पुण्याच्या एका मोठ्या गाडीवाल्याने त्यांना विचारलं, "तुम्ही बोटीचे का?" ते म्हणाले, "नाय. मी दिघीचा." एवढ्या अधिकारावर सगळे त्यांचं ऐकत होते, बोटीची माणसंसुद्धा.

मीही गाडी उलटी घेत बोटीवर लावली आणि बाजूला वळून पाहिलं तर मामा सीटवर नव्हता. तो खाली सरकून पाय ठेवायच्या जागेत जवळजवळ दुमडला होता. गुडघा सुजलेला असताना हे त्याने कसं केलं, देव जाणे.

म्हातारे आमच्या गाडीपाशी आले आणि थबकले. गाडी उलटी, चाकं सरळ, बाहेर निघायच्या वाटेवर काही नाही. "ही कोनी लावली?"

"मी."

"तुला कोनी शिकवली?"

"मामाने."

"अशी गाडी माझ्याबिगर कोन लावत नाय. आनि मी ती एकाच मानसाला शिकवली, ती बी भर लढाईत." ते वाकले आणि काचेतून आत बघू लागले. बराच वेळ बघितलं. "हिराजी?"

"न्हाय," खालून आवाज आला.

तेच इस्माईल. त्यांनी दार उघडलं, मामाला दंडाला धरून बाहेर ओढलं, आधी एक शिवी दिली आणि मग मिठी मारली. बोट सुटली तेव्हा दोघं कठड्याला धरून उभे होते. मामा दर मिनिटाला दोन पावलं सरकायचा, इस्माईलचाचाही तेवढंच सरकायचे. बोटीच्या या टोकाला सुरू झालेलं बोलणं दिघी येईपर्यंत त्या टोकाला पोचलं. बाकीचे प्रवासी वाट देत होते.

"कुठं होतास तू?"

"जागा बदलत व्हतो."

"अरे पन कुठं? किती पत्रं टाकली तुला! सगली परत!"

मामाने मान खाली घातली. "मना वाटला, तू मना माफ केला नसशील."

"कसली माफी?"

 पाण्याकडे बघत मामा बोलू लागला, आणि जी गोष्ट चौथ्या गोळ्याशी संपायची ती पहिल्यांदा पुढे गेली. त्या सकाळी चौथा गोळा मारल्यावर इस्माईलने विचारलं होतं, 'सुदाम चा घेऊन निघाला असेल, थांबायचं का?' मामा म्हणाला होता, 'चल.' नव्या जागेवर पोचून मागे वळले तर जुन्या जागेवर शत्रूचा गोळा पडलेला. युद्धबंदीनंतर मामा तिथे एकटा जाऊन आला. जमिनीत खड्डा होता आणि खड्ड्याजवळ एक झाकण पडलं होतं. पलटणीत सगळे म्हणत होते, लांगरी गेला. दुसऱ्याच आठवड्यात मामाची बदली दुसऱ्या तुकडीत झाली, आणि त्याने मागे वळून कुणाला काही विचारलं नाही.

मी गाडीला टेकून ऐकत होते. वेटरवर ओरडणारा मामा, आईच्या स्वयंपाकघराच्या दारात कप घेणारा मामा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी इस्माईलचाचा मात्र कपाळावर हात मारून घेत होते.

"गेला? कोन गेला? अरे येड्या, सुदाम माणगावात हाय! परवा त्याच्या नातवाच्या लग्नात मी बिर्यानी खाऊन आलो!"

बोट दिघीच्या धक्क्याला लागली. मामा उतरेना. दोन खलाशांनी त्याला आणि मी गाडीला खाली आणलं.

दिवेआगरची खोली राहिली बाजूलाच. चाचांच्या घरी त्यांनी गाडीची कागदपत्रं ठेवायचा बिस्किटांचा डबा उघडला. आत गाड्यांचे जुने परवाने आणि त्यांच्याखाली पत्रांचा गठ्ठा. उरण, पनवेल, रोहा, प्रत्येक पत्त्यावर टपालखात्याचा शेरा, 'सदर इसम येथे राहत नाही'. मामाचा चष्मा गाडीत होता, म्हणून पत्र मी वाचलं. पहिलंच कार्ड असं होतं:

'हिराजी, सुदाम जिवंत आहे. माणगावला घरी आहे. डावा कान गेला. बाकी ठीक. तुझ्यावर फार रागावला आहे. पत्र मिळताच ये. तुझा इस्माईल.'

बाकीचीही साधारण हीच होती, फक्त सुदामची खबर वाढत गेलेली. लग्न झालं. मुलगी झाली. मुलगा झाला. अजून रागावलेला आहे. माणगावात चहाचं हॉटेल टाकलं. अजून रागावलेला आहे. शेवटच्या पत्रात राग दिसला नाही तेव्हा मला बरं वाटलं, पण तो पानाच्या मागच्या बाजूला होता.

"पत्ता कुठून मिळायचा तुम्हाला, चाचा?"

"पेन्शनच्या कचेरीत वलखीचा मानूस होता. तो सांगायचा. मी पत्र टाकायचो. आनि पत्र पोचायच्या आत हा पुढं." ते मामाकडे बघून म्हणाले, "शत्रूला सापडला नाहीस ते ठीक. टपालाला तरी सापडायचास!"

 मामा ज्या खाटेवर बसला होता तिच्यावरच जेवला आणि तिच्यावरच झोपला. जागा बदलायची त्याला शुद्धच नव्हती.

दिवस तिसरा: दिघी ते माणगाव

दिघीहून म्हसळामार्गे माणगाव दीड तासात होतं. रस्ता आता चांगला रुंद झालाय, घाटवळणं आहेत पण भीतीदायक नाहीत. म्हसळ्याला वडापाव खाऊन घ्या. इस्माईलचाचा पुढे बसून प्रत्येक वळणाला मला सूचना देत होते. मामा मागे, ट्रंकेवर हात ठेवून. माणगावच्या अलीकडे त्याने मला गाडी थांबवायला लावली आणि म्हणाला, "बाय, परत फिरू या का? कल्याणला येतो मी."

सातवा मजला पत्करला, यावरून काय ते समजा. मी म्हटलं, "नाही. आता पाणी ओलांडलंय."

माणगावच्या बाजारामागे एका गल्लीत सुदामकाकांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फौजेतला एक धूसर फोटो. दार त्यांच्या सूनबाईंनी उघडलं. शाळेत शिक्षिका आहेत, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होत्या. चाचांना पाहून हसल्या, मामाला पाहून "बाबा, कोण आलंय बघा" म्हणाल्या, तीनदा, दर वेळी जास्त मोठ्याने.

सुदामकाका बाहेर आले. काठी टेकत, अठ्ठ्याहत्तरीचे, डाव्या बाजूला कान नव्हे तर नुसती खूण. त्यांनी मामाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.  मला वाटलं आता दोघं रडणार.

"जागा सोडताना सांगून जायाचं आसतं!" सुदामकाका गरजले. "अख्खी किटली भरून आनली व्हती! आलं घातलं व्हतं त्यात! त्या रानात आलं कुठून पैदा केलं माझं मला ठावं!"

"लढाई व्हती, सुदाम," मामा पुटपुटला.

"आँ?"

"लढाई व्हती!"

"मंग? लढाई व्हती म्हनून चहा थंड व्हत न्हाय व्हय?"

पुढचं त्यांनीच सांगितलं. जागेवर पोचले तर तोफ नाही, माणसं नाहीत, नुसत्या जीपच्या चाकोऱ्या. संताप आला. किटली उचलली आणि तिघांना शिव्या घालत चाकोरी धरून तरातरा निघाले. शंभरेक पावलं गेले असतील तोच मागे गोळा पडला. डावा कान गेला आणि शुद्ध आली ती थेट लांबच्या लष्करी इस्पितळात, म्हणून पलटणीने त्यांना मेलेलं धरलं. "रागावलो नसतो, तर बसलो आसतो तितंच, तुमची वाट बघत," काका म्हणाले. "रागानं वाचलो. म्हनून सोडला न्हाय म्या त्यो अजून."

मामाने ट्रंक उघडली. तळाशी स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक वस्तू होती. ती ट्रंक मी आयुष्यभर उचलली, आत काहीतरी खडखडायचं, मला वाटायचं पदक असेल. आत चेपलेलं, काळं पडलेलं एक झाकण होतं. एकोणीस खोल्यांतून मामाने ते नेलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी सुदामकाकांपुढे धरलं. "तुझ्या किटलीचा. तितं गावला."

काकांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, टिचकी मारली.

"ह्ये माजं न्हाय."

"काय?"

"माज्या किटलीला साखळीचं झाकन व्हतं. ह्ये डाळीच्या डेगचीचं. आदल्या दिशी तितंच इसरलो व्हतो म्या." त्यांनी सूनबाईंकडे ते दिलं. "घास जरा. चांगलं जाड हाय."

इस्माईलचाचा पहिले हसले. मग मी. मग मामाच्या तोंडून असा काही आवाज आला की तो हसतोय की रडतोय ते कळेना, बहुधा त्यालाही कळलं नसावं. डाळीच्या झाकणापुढे त्याने अर्ध्या शतकाहून जास्त काळ माफी मागितली होती.

"बसा. चहा टाकतो," सुदामकाका म्हणाले आणि काठी टेकत आत गेले.

मामा ताबडतोब उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाला. आतून आवाज आला, "हिराजी! या खेपंला जागा सोडलीस तर याद राख!" एका कानाने अधू माणसाला पाऊल कसं ऐकू आलं, कोण जाणे. मामा थांबला. खुर्चीकडे आला. बसला.

चहा व्हायला दहा मिनिटं लागली. मामाचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. त्याच्या मागे भिंत होती, तीस इंचांवर. बाहेर पडायला दार एकच, आणि त्यात इस्माईलचाचा उभे. मग काका दारात आले. एका हातात काठी, दुसऱ्यात ताट, ताटात चार कप. सूनबाई मदतीला उठल्या तर त्यांनी डोळ्यांनीच बसवलं. स्वयंपाकघर ते खुर्ची बारा पावलं असतील. काकांचा खुबा कामातून गेलेला, एकेक पाऊल टाकून ते थांबत होते. कप किणकिणत होते.  आठव्या पावलाला मामा अर्धा उठला, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या आत आपला आपण पुन्हा बसला.

काका पोचले. "घे," म्हणाले.

मामाने कप घेतला. एक घोट प्यायला, आणि आता तरी खुर्ची बदलेल म्हणून आम्ही सगळे बघत राहिलो. तो तिथेच बसून राहिला.

"आलं हाय यात," तो म्हणाला.

"तवा बी व्हतं," सुदामकाका म्हणाले.

चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. मामाने दुसरा कप मागितला, त्याच खुर्चीत.

परत

माणगावहून महामार्गाने कोलाड, नागोठणे, वडखळ करत मी संध्याकाळपर्यंत कल्याणला आले. महामार्गाबद्दल काही लिहीत नाही, तुम्हालाही घरी बीपी असेल. गाडी मात्र हलकी होती, कारण ट्रंक माणगावला राहिली.

सुदामकाकांच्या घरामागे एक खोली आहे, आधी कुणी भाडेकरू होता. निघण्यापूर्वी मामाने ती पाहिली. पावलं मोजायला गेला तर चौथ्या पावलाला भिंत. खिडकी उघडली तर शेजाऱ्याच्या न्हाणीघराची भिंत. दार एक, तेही सुदामकाकांच्या ओटीवरूनच जाणारं. "टँकमार तोफंला यापरीस वाईट जागा अख्ख्या जिल्ह्यात गावायची न्हाय," मामा म्हणाला, आणि ट्रंक खाटेखाली सरकवली.

तुम्ही या वाटेने गेलात तर नागावची सुरमई, मुरुडची खिडकी आणि आगरदांड्याची बोट चुकवू नका. बोटीवर गाडी उलटी लावा, नाहीतर ओरडा खाल. मला विचाराल तर या तीन दिवसांत मी समुद्र फारसा पाहिलाच नाही. पाहिलं ते एवढंच, की ज्याला मी आयुष्यभर खूळ म्हणत आले ते एका माणसाचं दुःख होतं, आणि ते चुकीच्या झाकणावर बेतलेलं असलं तरी खरंच होतं. विचारायला हवं होतं मी. ट्रंक उचलताना एकदा तरी विचारायला हवं होतं.

परवा सुदामकाकांचा फोन आला, ओरडतच. "तुजा मामा सकाळधरनं खुर्चीत बसून ऱ्हातो आन् चहाची वाट बघतो! उठत न्हाय! म्या काय त्याचा नोकर हाय?"

मी म्हटलं, काका, तुम्ही नका देऊ.

"न्हाय कसं? द्याला तर पायजेल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

वहीतलं ते भोक पडलेलं पान मी फाडून टाकलं. नव्या पानावर मामाचा माणगावचा पत्ता लिहिला, पेनाने. मग त्याच पत्त्यावर एक कार्ड टाकलं, दोन ओळींचं, तसं कामाचं काही नव्हतं. तीन आठवडे झाले. ते परत आलेलं नाही.